पोटातला फुगवटा : ऑपरेशन केव्हा करावे, केव्हा थांबावे

मंडळी, पोटात दुखले की आपण काय म्हणतो? कोणी म्हणतो, वायगोळा उठला. कोणी म्हणतो, बेंबी सरकली. मग ओवा खातात, पोट चोळून घेतात. बहुतेक वेळा दुखणे साधेच असते. दोन दिवसांत थांबते. पण पोटातला एक रोग असा आहे, की तो वर्षानुवर्षे मुळीच दुखत नाही. आणि दुखू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

त्या रोगाची माहिती आम्ही या पाठात देणार आहोत. त्यावर ऑपरेशन आहे. ऑपरेशन करण्यात धोका आहे, आणि न करण्यातही धोका आहे. हे दोन धोके तराजूच्या दोन पारड्यांत घालून कसे तोलायचे, तेवढे आपण नीट पाहू.

नळी कशी असते?

आपले हृदय म्हणजे एक पंप आहे. विहिरीवरचा पंप पाणी ढकलतो, तसे हृदय रक्त ढकलते. मिनिटाला सुमारे ७० ठोके पडतात आणि सुमारे ५ लिटर रक्त पुढे जाते. रात्र नाही, दिवस नाही, काम चालूच.

हृदयातून जी सर्वांत मोठी नळी निघते, तिला महारोहिणी म्हणतात. कोणी महाधमनीही म्हणतात. डॉक्टर लोक ‘एओर्टा’ म्हणतात. ही नळी छातीतून खाली येते आणि पाठीच्या कण्यापुढून पोटात उतरते. मोठ्या पाटाला जशा चाऱ्या फुटतात, तसे तिला फाटे फुटतात. काही फाटे आतड्यांकडे जातात, काही मूत्रपिंडांकडे. बेंबीच्या आसपास तिचे दोन भाग होतात आणि एकेक भाग एकेका पायाकडे जातो.

पोटातल्या भागात ही नळी सुमारे २ सेंटिमीटर जाड असते. म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी समजा.

आता सायकलचे चाक आठवा. टायर एका जागी झिजले, की आतली ट्यूब तिथे बाहेर फुगते. हवेचा दाब सगळीकडे सारखाच असतो, पण कमकुवत जागाच फुगते. महारोहिणीचेही असेच होते. तिची भिंत एखाद्या जागी कमजोर होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगवटा येतो. बहुधा तो मूत्रपिंडांचे फाटे फुटतात त्याच्या खाली येतो. नळीची जाडी ३ सेंटिमीटर किंवा अधिक झाली, की तिला फुगवटा म्हणायचे. डॉक्टर त्याला ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. हा शब्द रिपोर्टावर दिसला तर घाबरू नका, पण कागद जपून ठेवा.

हा रोग कोणाला होतो?

बायकांपेक्षा पुरुषांना हा रोग पुष्कळ अधिक होतो. वयाची पासष्टी ओलांडली की अधिक होतो. बाप किंवा भाऊ यांना झाला असेल, तर आपल्याला होण्याचा संभव वाढतो. रक्तदाब जास्त असेल तर नळीवर ताण पडतो.

पण या सगळ्यांहून मोठे कारण म्हणजे बिडी आणि सिगारेट. धुरातील विष रक्तात जाते आणि नळीची भिंत आतून खराब करते. चाळीस वर्षे बिडी ओढली, छातीला काही झाले नाही, म्हणून कोणी बढाई मारतो. पण पोटातली नळी काय म्हणते ते त्याला कुठे ठाऊक असते? वय आपल्याला कमी करता येत नाही. बाप बदलता येत नाही. बिडी मात्र टाकता येते.

तो कळतो कसा?

बहुधा तो अचानक कळतो. मूतखड्यासाठी किंवा लघवीच्या त्रासासाठी पोटाची सोनोग्राफी करतात, आणि त्यात फुगवटा दिसतो. सोनोग्राफीत सुई टोचत नाहीत. पोटावर थंड मलम लावून एक यंत्र फिरवतात, एवढेच. नळीची जाडी त्यात मोजता येते.

इंग्लंडमध्ये पुरुषाला ६५ वे वर्ष लागले, की सरकार त्याला ही तपासणी करून घ्यायला बोलावते. ही योजना तिथे २००९ साली सुरू झाली आणि २०१३ पर्यंत देशभर पोचली. आपल्याकडे अशी सरसकट योजना नाही. म्हणून ज्या पुरुषाचे वय ६५ च्या वर आहे आणि ज्याने पुष्कळ वर्षे बिडी ओढली आहे, त्याने डॉक्टरांना स्वतःहून विचारावे : “साहेब, माझी पोटातली नळी एकदा मोजून घ्यावी का?”

कोणाकोणाला पोटावर हात ठेवला की धडधड जाणवते. सडपातळ माणसाला ती एरवीही जाणवते. तेवढ्यावरून रोग आहे असे समजू नये. पण म्हाताऱ्या माणसाच्या पोटात धडधडणारा गोळा लागत असेल, तर बेंबी सरकली म्हणून पोट चोळू नका, दाबू नका. आधी तपासून घ्या.

फुगवटा फुटला तर?

फुगवटा फुटला की पोटात, कमरेत किंवा पाठीत एकाएकी भयंकर कळ येते. घाम सुटतो, अंग गार पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. कधी कधी ती कळ मूतखड्याची वाटते, आणि तिथेच वेळ जातो. ज्यांचा फुगवटा फुटतो, त्या दहांतील सुमारे आठ माणसे दगावतात. पुष्कळ जण दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

जामनेरहून जळगाव ३५-४० किलोमीटर आहे. मुंबई त्याच्याही पुढे चारशे किलोमीटरहून अधिक. हे ऑपरेशन मोठ्या रुग्णालयातच होते. तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असावा लागतो. फुटल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी ठरवून जाणे बरे, ते यासाठी. तरीही अशी कळ आलीच, तर वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा आणि फुगवट्याचा जुना रिपोर्ट बरोबर घ्या.

धोका शंभरात मोजावा

शाळेत आम्ही शेकडेवारी शिकवीत असू, तेव्हा मुले विचारीत, “गुरुजी, याचा उपयोग काय?” व्याजाच्या हिशेबात उपयोग होतो, हे सर्वांना माहीत आहे. जिवाच्या हिशेबातही होतो, ते आता पाहू. एका रांगेत शंभर माणसे उभी आहेत, अशी कल्पना करा.

समजा, आपले एक आबा आहेत. त्यांचा फुगवटा ४.४ सेंटिमीटर निघाला. मुलगा म्हणतो, “आबा, शेत गहाण टाकू, पण उद्याच ऑपरेशन करू.” मुलाची माया खरी आहे. पण घाई बरोबर आहे का?

हाच प्रश्न इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांना पडला होता. त्यांनी ४ ते ५.५ सेंटिमीटर फुगवट्याचे १०९० रुग्ण घेतले. निम्म्यांचे लगेच ऑपरेशन केले. उरलेल्यांवर नुसती नजर ठेवली, आणि फुगवटा वाढला तरच ऑपरेशन केले. १९९८ साली हिशेब जाहीर झाला. लगेच ऑपरेशन केलेल्यांपैकी शंभरात सुमारे ६ जण महिन्याच्या आत दगावले होते. सहा वर्षांनी पाहिले, तर दोन्ही गटांत जगलेल्यांचे प्रमाण सारखेच होते. लहान फुगवट्यात घाईचा फायदा झाला नाही.

म्हणून आबांनी शेत गहाण टाकू नये. बिडी टाकावी, रक्तदाबाचे औषध रोज घ्यावे, आणि ठरल्या वेळी सोनोग्राफी करावी. इंग्लंडातला नियम असा आहे : ३ ते ४.४ सेंटिमीटर असेल तर वर्षातून एकदा, ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी. आपले डॉक्टर सांगतील ती तारीख पाळावी. थांबणे म्हणजे विसरणे नव्हे.

आता दुसरे गृहस्थ पाहू. तात्यांचे वय ७० आहे, अंगाने धट्टेकट्टे. त्यांचा फुगवटा ५.८ सेंटिमीटर आहे. तात्या म्हणतात, “मला काहीच दुखत नाही. मग पोट कशाला फाडायचं?”

पुरुषाचा फुगवटा ५.५ सेंटिमीटरच्या वर गेला, की डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. बाईच्या बाबतीत ५ सेंटिमीटरच्या आसपासच करतात, कारण बाईचा फुगवटा त्याहून लहान असतानाही फुटतो. फुगवटा एका वर्षात १ सेंटिमीटरहून अधिक वाढला किंवा दुखू लागला, तरी डॉक्टर थांबत नाहीत. अमेरिकेत २००२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचे ऑपरेशन झाले नाही, अशा माणसांची ती पाहणी होती. ५.५ ते ५.९ सेंटिमीटर फुगवट्याच्या शंभर माणसांत सुमारे ९ जणांचा फुगवटा एका वर्षात फुटलेला दिसला. ७ सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्या शंभरांत सुमारे ३२ जणांचा. पुढच्या काही पाहण्यांत हे आकडे कमी आले आहेत. पण फुगवटा मोठा तितका धोका मोठा, ही गोष्ट खरीच राहिली.

म्हणजे तात्यांच्या एका पारड्यात दरवर्षीचा फुटण्याचा धोका आहे, आणि तो साचत जाणारा आहे. दुसऱ्या पारड्यात ऑपरेशनचा धोका आहे, तो बहुतांशी एकदाच घ्यायचा आहे. तात्यांसारख्या निरोगी माणसाला बहुधा ऑपरेशनचे पारडे फायद्याचे ठरते.

ऑपरेशन दोन प्रकारचे

पहिला प्रकार जुना. पोट उघडून नळी वरून चिमट्याने बंद करतात. फुगवटा उघडतात आणि त्याच्या जागी कापडाची नळी शिवून बसवतात. होय, कापडाचीच! फ्रान्समध्ये चार्ल्स द्युबोस्त या सर्जनने १९५१ साली फुगवटा काढून तिथे मृत माणसाची नळी बसवली होती. पुढे अमेरिकेतील मायकेल डिबेकी यांनी बाजारातून ‘डेक्रॉन’ कापड आणले आणि घरच्या शिलाई मशिनवर स्वतः नळ्या शिवून पाहिल्या. टेरिकॉटच्या शर्टात कापसाबरोबर जो धागा असतो, त्याच जातीचे हे कापड. ते शरीरात कुजत नाही.

हे ऑपरेशन मोठे आहे. तीन-चार तास लागतात. रुग्णालयात सात ते दहा दिवस आणि पूर्वीची ताकद यायला दोन-तीन महिने धरावेत. धोके कोणते? हृदयविकाराचा झटका, रक्तस्राव, न्यूमोनिया, मूत्रपिंडे मंदावणे, आतड्याचा किंवा पायाचा रक्तपुरवठा तुटणे. काही पुरुषांना पुढे शरीरसंबंधात अडचण येते. काहींना टाक्याच्या जागी हर्निया होतो. डॉक्टरांना हे विचारायला लाजू नये.

दुसरा प्रकार नवा. आर्जेंटिनातील हुआन पारोदी यांनी १९९० साली तो केला. पोट उघडत नाहीत. जांघेतील रक्तवाहिनीतून मिटलेल्या छत्रीसारखी नळी वर सरकवतात आणि फुगवट्याच्या आत नेऊन उघडतात. रक्त नव्या नळीतून वाहते आणि फुगवट्यावरचा दाब कमी होतो. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. मात्र प्रत्येकाच्या नळीचा आकार याला जुळत नाही.

दोहोंत बरा कोणता? इंग्लंडात १९९९ ते २००४ या काळात १२५२ रुग्णांवर तुलना केली. पोट उघडलेल्या शंभरांत सुमारे ४ जण महिन्याच्या आत दगावले. जांघेतून केलेल्या शंभरांत सुमारे २. म्हणजे सुरुवातीला नवी पद्धत सरस. पण काही वर्षांनी दोन्ही गट बरोबरीत आले, आणि आठ वर्षांनंतर जुन्या पद्धतीचे लोक अधिक जगलेले दिसले. कारण नव्या पद्धतीत नळीच्या कडेने रक्त पाझरू शकते, नळी सरकू शकते, आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागते. म्हणून तिच्या मागे जन्मभर नियमाने तपासणी लागते. जो माणूस तपासणीला जाणारच नाही, त्याच्यासाठी ही पद्धत धोक्याची आहे.

आणखी एक गोष्ट. सगळ्यांनाच ऑपरेशनचा फायदा होतो असे नाही. हृदय, फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे इतकी थकलेली, की पोट उघडणे झेपणार नाही, अशा रुग्णांचीही इंग्लंडात पाहणी झाली. त्यांच्यावर जांघेतून ऑपरेशन केले, तर फुगवट्याने होणारे मरण कमी झाले. पण एकंदर आयुष्य वाढले नाही, कारण ते इतर आजारांनी गेले. अशा आजोबांना डॉक्टर “ऑपरेशन नको” म्हणाले, तर डॉक्टरांनी हात झटकले असे समजू नये. ती त्यांची काळजीच असते.

हे आकडे परदेशातले आहेत. आपला स्वतःचा आकडा आपल्या प्रकृतीवर आणि रुग्णालयावर अवलंबून असतो. तो आपल्या डॉक्टरांनाच विचारावा.

आइन्स्टाइन यांची गोष्ट

आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे नाव आपण ऐकले असेल. जगातील फार मोठे शास्त्रज्ञ. त्यांच्याही पोटात हाच फुगवटा होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन या सर्जनने न्यूयॉर्कमध्ये त्यांचे पोट उघडले. तेव्हा कापडी नळी निघाली नव्हती. निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेन नावाचा पातळ कागद गुंडाळला, म्हणजे भोवती घट्ट आवरण तयार व्हावे. आइन्स्टाइन पुढे सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सुचवले. त्यांनी शांतपणे नाही म्हटले आणि १८ एप्रिलला ते वारले. वय ७६ होते.

त्या वेळी हे ऑपरेशन अगदी नवे होते. आज ते पुष्कळ सुधारले आहे. पण एक गोष्ट तेव्हा होती ती आजही आहे. डॉक्टर सल्ला देतात, शरीर रुग्णाचे असते. होय किंवा नाही, रुग्णाने समजून सांगायचे असते.

सही करण्याआधी

ऑपरेशनपूर्वी संमतीचा कागद पुढे येतो. पूर्वी आपण अंगठा उठवून मोकळे होत होतो. आता आपल्याला वाचता येते. तर वाचूनच सही करावी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितले आहे, की उपचार कोणता, त्याचा फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, आणि उपचार न केल्यास काय होईल, हे डॉक्टरांनी रुग्णाला समजेल असे सांगितले पाहिजे. म्हणून विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत :

१. माझा फुगवटा किती सेंटिमीटर आहे? मागच्या वेळी किती होता?
२. थांबलो तर धोका किती? ऑपरेशन केले तर माझ्यासारख्या शंभरांत किती दगावतात?
३. दोन पद्धतींपैकी माझ्यासाठी कोणती, आणि का?
४. या रुग्णालयात अशी ऑपरेशने वर्षाला किती होतात? (जिथे ती पुष्कळ होतात, तिथे निकाल चांगले लागतात.)
५. नंतर तपासणी किती वेळा? त्यासाठी कुठे यावे लागेल?
६. सगळा खर्च किती?

खर्चाबद्दल एक सूचना. आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपला शेजारचा धुळे जिल्हा होता. २०१७ पासून तिला फुल्यांचे नाव आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. हे ऑपरेशन आणि ती कापडी नळी योजनेत बसते का, हे त्यांना आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. सावकाराकडे जाण्याआधी आरोग्यमित्राकडे जा.

तारीख ठरली, की तयारी करावी. बिडी त्याच दिवशी बंद, कारण धुराने भरलेली छाती ऑपरेशनात दगा देते. रोज झेपेल तेवढे चालावे. साखर आणि रक्तदाब ताब्यात आणावा. कोणती औषधे चालू आहेत ती सगळी डॉक्टरांना दाखवावीत, गावच्या वैद्याची पुडीसुद्धा. रक्त देणारे नातलग आधी ठरवून ठेवावेत. आणि आबांजवळ कोण राहील, घरी गुरांचे कोण पाहील, हे घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे.

लक्षात ठेवा

फुगवटा दुखत नाही, म्हणून मोजून घ्यावा लागतो.
लहान असेल तर घाई नको, पण तपासणीची तारीख चुकवू नका.
५.५ सेंटिमीटरच्या वर गेला तर दिरंगाई नको. सर्जनला भेटा.
एकाएकी पोटात-पाठीत कळ आणि घाम आला, तर १०८.
बिडी आजच टाका.
रिपोर्ट वाचा, आकडा वहीत लिहा, आणि समजल्यावरच सही करा.